पेट्रोलच्या वाफेचा डबा : वर्कशॉपमधल्या कामाच्या नोंदी

८ एप्रिल

सकाळी निघताना तळमजल्यावरच्या काकांनी अडवलं. "मॅडम, तुमच्या गाडीला पेट्रोलचा वास मारतो. रात्री खिडकी लावून झोपावं लागतं." गाडी आदल्या संध्याकाळपासून उभी होती, इंजिन गार. खाली वाकून पाहिलं, एक थेंब नाही. पण काका खोटं बोलत नव्हते. टाकीच्या झाकणाशी वास होता आणि मागच्या चाकाजवळ त्याहून जास्त.

पीयूसी मागच्याच महिन्यात काढलंय. कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत, हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत, म्हणजे कागद अगदी स्वच्छ. पीयूसीवाला नळी घालतो ती सायलेन्सरमध्ये, तीही इंजिन चालू असताना. उभ्या गाडीच्या टाकीतून रात्रभर काय निघतं, ते त्या यंत्राला कळायचं काही कारणच नाही.

वर्कशॉपमध्ये हा धडा मी इतकी वर्षं फळ्यावरच उरकते. टाकी, कॅनिस्टर (टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा), इंजिन असे तीन चौकोन आणि मध्ये दोन बाण. पोरं वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात, विसरतात. आज पारसिकनगर ते वर्कशॉप या वाटेवर ठरवलं की गाडीचा दोष पोरांना घेऊनच शोधायचा, जे भाग निघतील ते कापायचे आणि पावसाळ्याआधी भिंतीवर एक चालतं मॉडेल लावायचं.

९ एप्रिल

झाकणापासून सुरुवात. सगळ्यात स्वस्त ते आधी, हा गॅरेजचा जुना नियम. रबर वॉशर नखाने दाबला तर चिरा दिसल्या. नवं झाकण आणलं. जुनं पोरांच्या हातात दिलं आणि विचारलं, यात किती व्हॉल्व्ह आहेत? सगळ्यांना वाटलं, झाकणात कसला व्हॉल्व्ह. आत दोन स्प्रिंग आहेत. टाकीत दाब फारच चढला तर एक थोडी वाफ बाहेर सोडते. पेट्रोल संपत जाऊन आत पोकळी झाली तर दुसरी बाहेरची हवा आत घेते, नाहीतर टाकी पिचकेल. पण ही आपत्कालीन दारं झाली. रोजची ये-जा कॅनिस्टरच्या वाटेने व्हायला हवी.

१० एप्रिल

वास अर्धा कमी. चाकाजवळचा तसाच.

११ एप्रिल

आज गाडीला हात लावला नाही, वर्गातच तास घेतला. पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनांची मिसळ आहे. त्यातले हलके घटक ३०-३५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतात आणि जड घटकांना दोनशेच्या वर जावं लागतं. एप्रिलमध्ये ठाण्यात दुपारचा पारा कुठे असतो ते पोरांना सांगावं लागत नाही. म्हणजे टाकीतल्या मोकळ्या जागेत वाफ असतेच. दिवस तापला की ती फुगते आणि बाहेर पडायला बघते. रात्री गार झालं की आकसते आणि टाकी बाहेरून हवा ओढते. टाकी दिवसाला एक मोठा श्वास घेते आणि सोडते, असं म्हटलं तर चालेल.

दुसरा प्रकार म्हणजे गायमुखच्या घाटात तासभर रांगेत अडकून घरी आल्यावरचा. इंजिन, सायलेन्सर, रस्ता सगळ्यांची धग टाकीखाली साठलेली, आणि गाडी बंद केल्यावर पंखाही थांबलेला. पुढचा तासभर वाफ जोरात निघते. तिसरा प्रकार खुद्द पंपावर. एक लीटर पेट्रोल आत गेलं की एक लीटर वाफाळलेली हवा बाहेर पडते आणि तिच्यात साधारण एक-सव्वा ग्रॅम पेट्रोल असतं. टाकीत पेट्रोल कमी असेल तर वाफेला जागा जास्त, म्हणून टाकी रिकामी होत आलेली गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त वाफ करते. हे पोरांना उलटं वाटलं, पटायला वेळ लागला.

दिव्याहून येणाऱ्या मुलाने विचारलं, "पण मॅडम, वाफच ती, गेली उडून. कोणाचं काय बिघडतं?" विचारलं ते बरं झालं. १९५०च्या सुमारास लॉस एंजेलिसवर दिवसाढवळ्या डोळे चुरचुरणारं धुकं साचायचं. आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गाड्यांमधून आणि तेलशुद्धीकरणातून निघणारी हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांशी भिडतात आणि त्यातून जमिनीलगतचा ओझोन होतो. त्यामुळे कॅलिफोर्नियाने १९७०च्या मॉडेलपासून आणि सगळ्या अमेरिकेने १९७१पासून टाकीच्या वाफेवर बंधन घातलं. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. आपल्याकडे ते एक टक्क्यापर्यंतच चालतं, पण कॅन्सर करणारी वस्तू ती. काकांच्या खिडकीत जाते.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती, सुट्टी. सकाळी मिरवणुकीची तयारी पाहून आले आणि गाडी पूर्ण गार असतानाच बॉनेट उघडलं. आजची परीक्षा गार इंजिनावरच होते.

कॅनिस्टरमध्ये धरलेली वाफ इंजिनाने ओढून जाळायची असते. दोघांच्या मध्ये पर्ज व्हॉल्व्ह असतो. बोटभर लांबीचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, वीज नसेल तर बंद. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, तो लगेच उघडत नाही. आधी इंजिन तापू देतो, ऑक्सिजन सेन्सर कामाला लागू देतो. कारण ही वाफ म्हणजे इंजेक्टरने न मोजलेलं फुकटचं पेट्रोल. गार इंजिनाला ते अचानक पाजलं तर मिश्रण गडद होतं आणि ठसका लागतो.

म्हणून गाडी चालू केली, कॅनिस्टरकडून येणारी नळी पर्ज व्हॉल्व्हवरून काढली आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवलं. बोट चिकटलं. चिकटायला नको होतं.

व्हॉल्व्ह सोडवून तोंडाने फुंकून पाहिला. वीज नाही आणि तरी फुंकर आरपार! आपटल्यावर आतून काळी भुकटी पडली. कोळशाची. पर्ज व्हॉल्व्हमध्ये कोळसा सापडणं म्हणजे कॅनिस्टर आतून फुटलेला असणं.

१५ एप्रिल

स्कॅनर लावला. एकही दोष नोंदलेला नाही आणि चेक इंजिनचा दिवा नाही. पोरं म्हणाली स्कॅनर खराब. खराब नाही. अमेरिकेत १९९६पासून गाडी स्वतःची टाकी स्वतःच तपासते. वाफेच्या वाटा बंद करून दाब टिकतो का ते बघते आणि बारीक भोक असलं तरी दिवा लावते. यूट्यूबवर "झाकण सैल, पी०४५५" (हा गळतीच्या दोषाचा कोड) असे जे व्हिडिओ दिसतात ते त्या गाड्यांचे. माझ्या बीएस-४ गाडीत टाकीच्या दाबाचा सेन्सरच नाही. तिचा ईसीयू पर्ज व्हॉल्व्हची फक्त तार बघतो. सर्किट तुटलं तर पी०४४३ येईल, पण व्हॉल्व्ह कोळशाने उघडा राहिला तर त्याला पत्ता नाही. मल्टीमीटरने मोजलं, कॉइल २६ ओहम, ठणठणीत. वीज बरोबर, यंत्र चुकीचं.

थेट दोष दिसला नाही तरी त्याचा माग मात्र दिसला. आयडलला शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, उणे १७ ते उणे २०मध्ये घुटमळत होता. म्हणजे कुठून तरी जादा पेट्रोल येतंय आणि बिचारा ईसीयू इंजेक्टर आखडते घेऊन तोल सांभाळतोय. नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बूच मारलं तर दोन मिनिटांत आकडा शून्याजवळ. हे पोरांनी स्वतः पाहिलं. फळ्यावरच्या दोन बाणांपैकी एक आज पहिल्यांदा हलला असावा.

आणि आठवलं, पेट्रोल भरून निघताना गेले काही महिने सेल्फ जास्त मारावा लागत होता. मी बॅटरीला बोल लावत होते.

१७ एप्रिल

कॅनिस्टर काढला. मागच्या चाकाजवळ, चिखलाच्या मडफ्लॅपमागे काळा प्लास्टिकचा डबा. हातात घेताच जड लागला. काट्यावर १ किलो ३१० ग्रॅम. दुकानातून आणलेला नवा ९४० ग्रॅम. वरचे पावणेचारशे ग्रॅम म्हणजे मुख्यतः द्रवरूप पेट्रोल. वाफेच्या डब्यात पेट्रोल बुडबुडतंय!

ते कसं गेलं हे शोधायला कुठे जायला नको. मीच घातलं. पंपावर नोझल खटकन बंद होतं. पोरगा विचारतो, "राउंड करू का, मॅडम?" आणि आपण मान डोलावतो. १,८६३चे १,९०० होतात, सुट्ट्यांची कटकट वाचते. तो नोझल वर उचलून पुन्हा पुन्हा दाबतो, थेट गळ्यापर्यंत. मी तर वर म्हणायचे, गावी जायचंय, फुल कर नीट.

नोझल बंद होतं तेव्हा टाकीत वर जाणूनबुजून ठेवलेली मोकळी जागा उरते. ती वाया गेलेली जागा नाही. पेट्रोल एक अंश तापलं की हजारात सुमारे एक भाग फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं ३५ लीटर गार पेट्रोल दुपारी १५ अंशांनी तापलं तर अर्धा लीटर वाढलं. त्याला जागा हवी, वाफेला वेगळी हवी. ती आपण भरून टाकली की वाफेच्या नळीत वाफेऐवजी पेट्रोल चढतं आणि उड्डाणपुलाचा चढ लागला की सरळ डब्यात. ओल्या कोळशाच्या गोळ्या खड्ड्यांच्या हादऱ्यांनी फुटतात, भुकटी पर्ज व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. इतकी साधी साखळी.

नवा कॅनिस्टर, नवा व्हॉल्व्ह, नव्या क्लिपा बसवल्या. पगाराच्या आठवड्यात हा खर्च नको होता.

२१ एप्रिल

जुना डबा चार दिवस मागच्या पटांगणात उघड्यावर ठेवला होता. वास पूर्ण गेल्यावर हॅक्सॉने, हातानेच कापला. ग्राइंडर मागायला आलेल्या दोघांना हाकललं. पेट्रोल प्यायलेल्या वस्तूला ठिणगी नाही, हे पुन्हा सांगावं लागलं याचंच वाईट वाटलं.

आत काय असतं ते लिहून ठेवते, कारण छापील चित्रात हे नीट कळत नाही. बाहेर तीन तोंडं : एक टाकीकडे, एक इंजिनाकडे, एक मोकळ्या हवेकडे. आत मध्ये भिंत, त्यामुळे वाफेला सरळ पलीकडे जाता येत नाही, यूच्या आकारात वळून जावं लागतं. दोन्ही टोकांना फोम, खाली जाळीची थाळी आणि तिला वर रेटणारी स्प्रिंग, गोळ्या सैल पडू नयेत म्हणून. गोळ्या शेवयांच्या तुकड्यांसारख्या. माझ्या डब्यात खालच्या निम्म्या भागाचा चिखल झाला होता.

या गोळ्या वाफ "शोषत" नाहीत. बनपाव चहा पितो ते शोषण. पोळपाटाला पीठ चिकटून राहतं तसं हे पृष्ठभागावर धरणं, अधिशोषण. एका ग्रॅम सक्रिय कोळशाच्या आतल्या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या वर भरतो. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. सात-आठ मैदानं एका चिमटीत. भिवंडीचा पोरगा संघात खेळतो, त्याने गोळी उचलून बराच वेळ पाहिली.

२४ एप्रिल

कोळसा कशाचा यावरून वाद. माझा (आणि मालवणच्या सासरचा) अभिमान असा की सगळ्यात चांगला सक्रिय कोळसा करवंटीचा. पाण्याच्या फिल्टरमध्ये तोच असतो. पण गाड्यांच्या कॅनिस्टरमध्ये बहुतेक लाकडाचा वापरतात. डोंबिवलीची पोरगी म्हणाली, करून बघू या. हिला पुढच्या वर्षी कुणीतरी नोकरी द्यावी.

२६ एप्रिल

केलं. पटांगणात, झाडाखाली, मोबाइल आत ठेवून, अग्निशामक जवळ. पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे. एकात फिल्टरवाल्याकडचा करवंटीचा कोळसा ५० ग्रॅम, दुसऱ्यात भंगारातून आणलेल्या एका चांगल्या कॅनिस्टरमधला ५० ग्रॅम. पेट्रोलऐवजी लायटर भरायचा ब्युटेन. पेट्रोलच्या वाफेतही ब्युटेन-पेंटेनच जास्त असतं. डबी काट्यावर ठेवून प्रत्येकी १० ग्रॅम गॅस पाव तासात हळूहळू सोडला.

पहिली गंमत : पाइप तापला. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ३३ वरून ५४ अंशांवर. वायूचे रेणू पृष्ठभागावर बसतात तेव्हा उष्णता सोडतात, हे मी दहा वेळा शिकवलंय, हाताला पहिल्यांदा लागलं.

मग पायाच्या पंपाने स्वच्छ हवा, दोनशे वेळा पंप दाबून. इंजिनाची ओढ समजा. कॅनिस्टरच्या कोळशाने १० पैकी ७ ग्रॅम परत दिले. करवंटीच्या कोळशाने ३. आमचा स्वयंपाकघरातला काटा, एखादा ग्रॅम इकडेतिकडे धरा, पण फरक काट्याच्या चुकीत मावणारा नाही.

करवंटीच्या कोळशाची छिद्रं फार बारीक. तिथे गेलेला रेणू सुटत नाही. पाणी गाळायला हेच हवं असतं, धरलं ते धरलं. गाडीच्या डब्याला रोज सकाळी रिकामं व्हायचंय, नाहीतर दुपारी नवीन वाफ ठेवणार कुठे? इथे धरण्यापेक्षा सोडण्याला किंमत. माझा डबाही धरण्यात नापास झाला नव्हता, सोडू न शकण्यात झाला. सासरी हे सांगायचं कसं ते बघते.

२९ एप्रिल

बोर्डाचं काम. प्लायवूड ४ बाय ३ फूट. टाकीच्या जागी पारदर्शक बरणी, पारदर्शक नळ्या, कापलेला डबा ॲक्रिलिकने झाकून, नवा स्वच्छ कोळसा भरून. पर्ज व्हॉल्व्ह उघडझाप करत चालतो, सेकंदाला दहाएक वेळा. किती वेळ उघडा आणि किती वेळ बंद, त्यावर वाफेचं प्रमाण. इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी ५५५ टायमर चिपचं सर्किट करून दिलं, नॉब फिरवला की टकटक बदलते. इंजिन म्हणजे हातपंपाचा व्हॅक्यूम.

वाफेचं काय? वर्कशॉपमध्ये उघडं पेट्रोल चालणार नाही असं प्राचार्यांनी सांगितलं, आणि त्यांचं बरोबर आहे. बरणीत उदबत्ती लावली. धूर नळीतून डब्यात शिरताना दिसतो, हवेच्या तोंडातून बाहेर जवळजवळ काही येत नाही. मोगऱ्याची उदबत्ती असल्याने वर्कशॉपला देवघराची कळा आली आहे.

टाकीवरचा रोलओव्हर व्हॉल्व्हही लावला. हलवला की आतली गोळी खुळखुळते. गाडी उलटली की ती भोकावर बसते आणि पेट्रोल वाफेच्या वाटेने सांडत नाही. त्याला दोन ओळींचं लेबल पुरे.

२ मे

बोर्डासमोर पहिली तुकडी. प्रश्न चांगले आले, तेवढे नोंदवते.

टर्बोच्या गाडीचं काय? टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो तेव्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, ओढ नसतेच, उलट वाफ टाकीकडे ढकलली जाईल. म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह लावतात आणि दुसरी वाट टर्बोच्या अलीकडून काढतात.

हायब्रिडचं? ज्या गाड्या प्लगवर चार्ज होऊन दिवसेंदिवस विजेवर धावतात, त्यांत इंजिन चालूच होत नाही, डबा रिकामा कोण करणार? त्यांत टाकीच जाड करून सीलबंद ठेवतात आणि भरण्याआधी बटण दाबून दाब सोडतात.

डिझेलला का नाही? डिझेल या तापमानाला फारसं उडत नाही.

स्कूटरला? आहे, आता स्कूटरच्या पोटातही छोटा डबा असतो. तिघे लगेच पार्किंगमध्ये पाहायला पळाले.

आणि चाचणी कशी होते? सीलबंद खोलीत गाडी उभी करतात. तापलेल्या इंजिनाचा एक तास, मग दिवसभर खोलीचं तापमान २० वरून ३५ अंशांवर नेऊन परत. खोलीत जमलेली सगळी हायड्रोकार्बनं मिळून मर्यादा २ ग्रॅम. अर्धा चहाचा चमचा पेट्रोल. पंपावर भरताना निघणारी वाफ त्यात धरलेली नाही. अमेरिकेत १९९८पासून तीही गाडीतल्याच मोठ्या कॅनिस्टरमध्ये घेतात. ३५ लीटर भरताना आपल्याकडे किती जाते, याचा गुणाकार दिव्याच्या मुलाने तोंडी केला आणि "चाळीस ग्रॅम?" म्हणून दोनदा विचारलं.

६ मे

गाडी तीन आठवडे ठीक. ट्रिम उणे दोन ते अधिक तीन. पेट्रोल भरून निघताना पहिल्या सेल्फला चालू. परवा काकांना मुद्दाम विचारलं. म्हणाले, वास नाही, पण मांजर तुमच्या बॉनेटवर झोपतं ते बघा.

बोर्डाचं शेवटचं लेबल राहिलं होतं. पोरांनी ठरवलं की कापलेल्या जुन्या डब्यातला चिखल झालेला भाग तसाच ठेवायचा, काचेखाली, आणि शेजारी पंपाची पावती चिकटवायची. माझीच पावती, १,९०० रुपये, राउंड फिगर.

आज संध्याकाळी नाक्यावरच्या पंपावर गेले. खटकन आवाज आला, १,७४२. पोराने नोझल वर उचललं. म्हटलं, राहू दे. त्याच्याकडे सुट्टे नव्हते, माझ्याकडे नव्हते, मागे रिक्षावाला हॉर्न देत होता. शेवटी यूपीआय केलं.